आधी कॅसेटी, मग सर्व्हर

*वाचकाच्या पत्राचा सारांश: नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. दोन महिन्यांत घर रिकामं करून घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये भाड्याने राहायला जायचं आहे, तेही किमान तीन-चार वर्षं. माझ्याकडे ६०० च्या आसपास सीडी आणि २५० कॅसेटी आहेत. शास्त्रीय, नाट्यसंगीत, अभंग, थोडं जुनं हिंदी. त्यातल्या ४० एक कॅसेटी वडिलांनी स्वतः बैठकींत आणि गणेशोत्सवात रेकॉर्ड केलेल्या. शिवाय मित्रांकडून जमवलेल्या एमपी३ ची एक हार्ड डिस्क. भाड्याच्या घरात एवढ्या खोक्यांना जागा नाही, हे बायकोचं म्हणणं मलाही पटतं. म्हणून सगळं एका म्युझिक सर्व्हरवर घ्यायचं ठरवलं आहे. खर्चाची तयारी ८०,००० रुपयांची. दुकानदार अडीच लाखांचा तयार सर्व्हर दाखवतो आणि आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडेल म्हणतो. भाचा म्हणतो, नॅस (घरच्या नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी) घ्या आणि आठ-आठ टीबीच्या दोन डिस्क टाका. मुलगी म्हणते, ‘बाबा, सगळं फोनवर आहे, कशाला हा खटाटोप?’ आई ७८ वर्षांची. ती पहाटे टेपरेकॉर्डरवर अभंग लावते, मोबाइल तिला जमत नाही. एकदाच घ्यायचं आणि आयुष्यभर पुरेल, असं काय घ्यावं? ता. क. कॅसेटी दुकानात देऊन डिजिटल करून घेतल्या तर चालेल का?*

नमस्कार,

तुमच्या पत्रातल्या तिघांनी तीन वाटा दाखवल्या आहेत आणि तिघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण त्याआधी, एकदाच घ्यायचं आणि आयुष्यभर पुरवायचं, ही तुमची अपेक्षा तपासून घेऊ या. टेपरेकॉर्डर घरात तीस वर्षं चालला म्हणून सर्व्हरही चालेल, असं होत नाही. सर्व्हर म्हणजे शेवटी एक लहानसा संगणक. पाच-सात वर्षांत डिस्क कुरकुरायला लागते, नाहीतर कंपनी त्या मॉडेलकडे पाठ फिरवते. स्क्वीझबॉक्स नावाची घरगुती संगीत यंत्रं एके काळी जगभर लोकप्रिय होती. लॉजिटेकने ती बनवणारी कंपनी २००६ मध्ये विकत घेतली, २०१२ मध्ये यंत्रं बनवणं थांबवलं आणि २०२४ मध्ये त्यांची ऑनलाइन सेवाही बंद केली. तरी ज्यांनी गाणी साध्या, खुल्या स्वरूपात ठेवली होती त्यांचं एकही गाणं गेलं नाही. त्या यंत्रांचं सर्व्हर सॉफ्टवेअर खुलं असल्यामुळे हौशी मंडळींनी ते चालू ठेवलं. आज ते लिरियन म्युझिक सर्व्हर या नावाने फुकट मिळतं आणि नव्या यंत्रांवरही चालतं.

तेव्हा आयुष्यभर पुरवायच्या आहेत त्या फाइली. त्या नीट असल्या की यंत्र दर काही वर्षांनी बदललं तरी काही बिघडत नाही. त्यामुळे ८०,००० तल्या जास्तीत जास्त पैशांचा आणि जवळजवळ सगळ्या वेळाचा ओघ फाइलींकडे जाऊ द्या, असं माझं मत आहे.

आता जागेचा हिशेब, म्हणजे भाच्याच्या सोळा टीबीचं काय ते कळेल. एक भरलेली सीडी साधारण ७०० एमबीची. तिची फ्लॅक फाइल केली तर आवाजातला एक कणही न गमावता ती निम्म्याच्या आसपास येते. तुमच्या ६०० सीडी धरल्या तर दोन-सव्वादोनशे जीबी. कॅसेटी चोवीस बिट आणि ४८ किलोहर्ट्झला भरल्या तर तासाला साधारण एक जीबी, तोही फ्लॅक करण्यापूर्वीचा. २५० च्या २५० केल्या तरी आणखी अडीच-तीनशे जीबी. म्हणजे एमपी३ वगळता तुमचं सगळं संगीत एका टीबीच्या डिस्कमध्ये बसून वर जागा उरते. भाच्याची चूक नाही, त्याच्या डोळ्यांसमोर घरातले फोटो आणि व्हिडिओ असतील.

एमपी३ च्या बाबतीत एक सांगून ठेवते. त्या आहेत तशाच राहू द्या. एमपी३ ची फ्लॅक करून देतो, असं सांगणारे भेटतात. फाइल फुगते, एमपी३ बनवताना गाळलेला आवाज काही परत येत नाही.

दुकानदाराचा जमीन-अस्मानाचा फरक मात्र मला पटत नाही. घरातल्या संगीताच्या साखळीत तीन वेगळी कामं असतात. फाइली सांभाळणं आणि मागितली ती देणं हे सर्व्हरचं. ती फाइल घेऊन तिचा आवाज करणं हे प्लेअर, त्यातला डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा विद्युत संकेत करणारा भाग), ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांचं. आणि काय लावायचं ते सांगणं हे हातातल्या फोनचं. सर्व्हर हा ग्रंथपाल आहे. तो पुस्तक काढून देतो, वाचत नाही. फाइल जशीच्या तशी डॅकपर्यंत पोचली की पुढचा फरक स्पीकरचा आणि खोलीचा. खात्री करायची असेल तर दुकानातच दोन सर्व्हर एकाच डॅकला जोडून घ्या, आवाजाची पातळी तीच ठेवा आणि कुठला चालू आहे हे न सांगता अदलाबदल करायला सांगा. ओळखता आला तर जरूर घ्या.

तयार सर्व्हर वाईट असतात असं नाही. ब्लूसाउंडच्या व्हॉल्टसारख्या यंत्रात सीडी सरकवली की ती आपोआप कॉपी होऊन आतल्या डिस्कवर जाते. संगणकाशी झटापट नको असणाऱ्यांना ती सोय मोठी आहे. अशा कुठल्याही यंत्राच्या बाबतीत पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा. फाइली नेहमीच्या फोल्डरांत असतात का आणि त्या सगळ्या बाहेर कॉपी करता येतात का? गायकाचं, रागाचं नाव फाइलच्या आत लिहिलं जातं की फक्त यंत्राच्या स्वतःच्या यादीत? आणि बिघडलं तर दुरुस्ती मुंबईत होते की यंत्र परदेशी जातं? दुसऱ्या प्रश्नाला दुकानदार अडखळला तर पाकीट खिशातच राहू द्या, कारण यादी यंत्रात अडकली की यंत्राबरोबर तीही जाते.

नॅस केव्हा घ्यावं? घरातल्या सगळ्यांचे फोटो, कागदपत्रं, व्हिडिओ एका जागी आणायचे असतील तेव्हा. फक्त गाण्यांसाठी ते जास्त होतं. भाड्याच्या घरात ते हॉलमध्ये किंवा झोपायच्या खोलीत ठेवावं लागेल, आणि रात्री तानपुऱ्याच्या शांत आलापात डिस्कची घरघर आणि पंख्याचा आवाज नको वाटतो. शिवाय दोन डिस्क एकमेकींच्या आरशासारख्या चालवल्या की लोक निर्धास्त होतात. त्या रचनेने एक डिस्क मेली तर काम अडत नाही, इतकंच. तुम्ही चुकून एक फोल्डर पुसलं की ते दोन्हीकडून पुसलं जातं. विजेचा झटका आला तर दोन्ही एकदम. तो बॅकअप नव्हे.

तुम्हाला मी सुचवेन तो मार्ग साधा आहे. रास्पबेरी पाय ४ किंवा ५ हा तळहातावर मावणारा संगणक, त्याला यूएसबीने जोडलेली एक टीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क), आणि त्यावर लिरियन. मुंबईत हे सामान लॅमिंग्टन रोडला मिळतं, घरपोचही येतं. पंखा आणि फिरती डिस्क नसल्यामुळे पाय ४ चा आवाज शून्य. वीज साधारण पाच वॉट, म्हणजे चोवीस तास चालू ठेवलं तरी महिन्याला चारेक युनिटं. याउलट माळ्यावरचा जुना डेस्कटॉप काढून तो सर्व्हर केला तर ७० वॉट धरून महिन्याला पन्नास युनिटं सहज. जुना लॅपटॉप चालेल, वीज गेली तर त्याची बॅटरीच आधाराला येते. मात्र सतत चार्जिंगला राहिलेली जुनी बॅटरी फुगते, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. भाच्याला नॅसबद्दल एवढी हौस आहे ना? त्याला एक रविवार जेवायला बोलवा आणि पाय बसवून घ्या.

तुमच्यासारखा प्रश्न पडलेल्या, पण एकाच खोलीत ऐकणाऱ्या वाचकांना मी आणखी खालची पायरी सांगेन. आजच्या बऱ्याच नेटवर्क प्लेअरना आणि ॲम्प्लिफायरना मागे यूएसबीचं भोक असतं. डिस्क थेट तिथे लावा. सर्व्हर हवा असं वाटणाऱ्या कित्येकांना सर्व्हर लागतच नाही. घरातल्या दोन-तीन खोल्यांत वेगवेगळं ऐकायचं असेल किंवा फोनवरून शोधून लावायचं असेल, तेव्हाच त्याचा उपयोग.

घोडबंदर रोडच्या टॉवरबद्दल एक सूचना. तिकडच्या अनेक नव्या इमारती मायवान पद्धतीच्या, म्हणजे भिंतीसुद्धा विटांच्या नसून सगळ्या काँक्रीटच्या. हॉलमधल्या राउटरचं वाय-फाय आतल्या खोलीत जाईपर्यंत अर्धमेलं होतं. सीडीच्या दर्जाच्या गाण्याला सेकंदाला दीड मेगाबिटसुद्धा लागत नाही, त्यामुळे महागडं इंटरनेट घेऊन उपयोग नाही. गाणं अडखळतं ते भिंतीमुळे. सर्व्हर राउटरच्या शेजारी ठेवून केबलने जोडा. घर भाड्याचं, भोकं पाडायची नसतील तर चपटी केबल भिंतीच्या कडेने नेता येते.

आता तुमच्या ४० कॅसेटींकडे येते. माझ्या मते या पत्रातली मौल्यवान गोष्ट हीच आणि निकडीचीही हीच. सीडींवरचं बहुतेक संगीत उद्या पुन्हा विकत मिळेल. वडिलांनी भरलेली बैठक जगात त्या एका फितीवर आहे. तरी त्यांच्याबद्दल पत्रात तुम्ही एकच ओळ लिहिलीत आणि सर्व्हरबद्दल दोन पानं.

ठाण्याच्या दमट हवेत फितीवर पांढुरकी बुरशी धरते. खिडकीपाशी कॅसेट तिरपी धरून फितीच्या गुंडाळीची कड बघा. तिथे पांढरे ठिपके दिसले तर ती टेपमध्ये घालू नका, नाहीतर हेडवर बुरशी बसून पुढच्या दहा कॅसेटी खराब करेल. ती जाणकाराकडे द्या. कॅसेटीच्या तोंडाशी फितीमागे नमद्याचा छोटा चौकोन असतो. तो निसटला असेल तर आवाज येतो-जातो. फीत चांगली असते, दुसऱ्या स्क्रूवाल्या कॅसेटीच्या घरात ती हलवता येते. मागच्या कडेच्या प्लॅस्टिकच्या दोन जिभल्या आजच मोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड व्हायला नको.

वाजवायला चांगल्या अवस्थेतला डेक हवा. हजार-दोन हजारांचे यूएसबी कॅसेट प्लेअर मिळतात, त्यात वेग स्थिर राहत नाही आणि लांबवलेला षड्ज थरथरतो. ओळखीत कुणाकडे तरी जुना डेक पडून असतोच. तो दुरुस्त करून घ्या, पट्टे बदला, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. एक गोष्ट बहुतेक दुकानं करत नाहीत, ती तुम्ही करा. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. ज्या यंत्रावर रेकॉर्डिंग झालं त्याचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन जुळला नाही की आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो. कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू अगदी हळू फिरवा. एका जागी तबल्याची चाट आणि तानपुऱ्याची जवारी एकदम उघडते. तिथे थांबा. काम संपलं की स्क्रू मूळ जागी न्या, म्हणून सुरुवातीची खूण करून ठेवा.

डेकच्या लाइन-आउटमधून साध्या ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज संगणकात घेणारी छोटी पेटी) आणि तिथून लॅपटॉपमध्ये. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालू नका, ते बहुधा मोनो असतं. ऑडेसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. काटा उणे सहा डेसिबलच्या वर जाणार नाही इतपत पातळी ठेवा. आणि खरखर काढायच्या फंदात लगेच पडू नका. मूळ भरलेली फाइल खरखरीसकट, मधल्या खोकल्यासकट, ‘वाहवा’सकट तशीच जपा. साफ केलेली प्रत वेगळी करा. खरखर काढायची साधनं दर काही वर्षांनी सुधारतात, पण आज कापून टाकलेला तानपुऱ्याचा झणत्कार परत जोडता येत नाही.

कॅसेट वाजायला लागतो तेवढाच वेळ भरायला लागतो. ४० कॅसेटी नव्वद मिनिटांच्या धरल्या तर साठ तास, म्हणजे रोज एक केली तर सव्वा-दीड महिना. पण फीत आणखी पाच वर्षं दम धरेलही. ‘तबल्यावर कोण?’, ‘ही बैठक कुणाच्या घरची?’ हे सांगू शकणारी माणसं तेवढा दम धरतील असं नाही. वडिलांच्या बरोबर बसणारे जे कुणी आहेत, त्यांना पहिल्या पाच-सात फाइली फोनवर ऐकवा आणि उत्तरं लिहून घ्या. आईपासून सुरुवात करा, तिला तुमच्या अंदाजापेक्षा जास्त आठवत असेल. कॅसेटीच्या कागदावरच्या वडिलांच्या अक्षराचा फोटो काढून त्याच फोल्डरात टाका.

सीडींचं काम कंटाळवाणं, पण सोपं. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर प्रत तपासून घेतं, इतरांनी काढलेल्या प्रतीशी जुळते का तेही बघतं. मराठी सीडी त्या यादीत नसल्या तर दोनदा वाचायला लावून पडताळून घ्या. क्रम मात्र असा ठेवा: घरी बर्न केलेल्या सीडी सगळ्यात आधी. त्यांचा रंगाचा थर विटतो आणि त्या न सांगता जातात. मोठ्या ख्यालाचे आलाप आणि द्रुत वेगवेगळ्या ट्रॅकवर असतील तर प्लेअर दोन ट्रॅकमध्ये न थांबता वाजवतो ना, हे बघून घ्या. सम येता येता क्षणभर शांतता पडली की सगळा रंग उतरतो.

खरी डोकेदुखी नावांची. इंटरनेटवरून आपोआप येणारी माहिती पाश्चात्त्य आल्बमच्या साच्यातली. एकच गायक ‘पंडित’, ‘पं.’ आणि नुसत्या नावाने असा तीन जागी निघतो. उपाधी काढून टाका, नाहीतर निम्मा संग्रह ‘प’खाली जमा होईल. नावांची एक यादी कागदावर करा आणि तिच्याबाहेर जाऊ नका. टॅग, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेली ही माहिती, देवनागरीत लिहायला आज अडचण नाही, फाइलींची नावं मात्र रोमनमध्ये ठेवा, गाडीतल्या जुन्या स्टिरिओला ती बरी पडतात. शीर्षकात रागाचं नाव आधी, मग बंदिशीचे शब्द. प्रकाराच्या रकान्यात ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत, अभंग एवढंच. नाट्यगीतांना आल्बमच्या जागी नाटकाचं नाव आणि संगीतकाराच्या रकान्यात मूळ चाल देणारा. ‘मानापमान’ म्हटलं की गोविंदराव टेंबे, मग गाणारा कुणीही असो. एकच पद चार गळ्यांतून एकापाठोपाठ ऐकायची सोय यातून होते. कपाटातल्या खोक्यांमधून ते कधी जमलं नसतं.

सगळ्याच्या तीन प्रती ठेवा: सर्व्हरवरची एक, घरातल्या कपाटात बंद डिस्कवर दुसरी, आणि तिसरी ठाण्याबाहेर कुणा नातेवाइकाकडे. २६ जुलै २००५ च्या पावसात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांना घराबाहेरची प्रत म्हणजे काय हे समजावून सांगावं लागणार नाही. दिवाळीला भेट झाली की डिस्क बदलायची. कॉपी झाल्यावर काही सीडी विकायच्या असतील तर त्यांच्या फाइलीही पुसा, आणि बैठकीची रेकॉर्डिंगं यूट्यूबवर चढवू नका. गाणाऱ्याचा त्यावर हक्क असतो.

मुलीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि ते तिला सांगा. बाजारात आलेल्या आल्बमसाठी तिच्या फोनवरची सेवा वापरा. तुमच्या ६०० पैकी ज्या तिथे चांगल्या आवाजात सापडतात, त्यांची कॉपी सावकाश करा. मात्र कंपन्यांचे करार संपले की तिथली गाणी गुपचूप गायब होतात, म्हणून जी सीडी जिवाची आहे ती आपल्याकडे हवीच.

आईला या सगळ्यात ओढू नका. टेपरेकॉर्डर चालू आहे तोवर तो तिच्या उशाशी राहू दे, नव्या घरातही. तो बंद पडला तर बटणं फिरवायचा कारवाँसारखा रेडिओ आणा. त्याला पेनड्राइव्ह लावता येतो, तिचे अभंग तिच्या सवयीच्या क्रमाने त्यावर भरून द्या. लिरियनमध्ये गजराची सोय आहे, तिच्या खोलीत प्लेअर असेल तर पहाटे ठरल्या वेळी अभंग आपोआप सुरू होतील. पण हे तिला आवडतं का ते आधी विचारा. कॅसेट उलटवण्यात तिची सकाळ जात असेल तर ती तिची तिलाच करू द्या.

दोन महिन्यांत सगळं डिजिटल करायचा घाट घालू नका, ते होणार नाही. आत्ता फक्त बांधाबांध. सीडी प्लॅस्टिकच्या डब्यांतून काढून पुस्तिकेसकट पिशव्यांच्या अल्बममध्ये घाला, जागा कितीतरी कमी होईल आणि घरातला वाद मिटेल. बाजारच्या कॅसेटींपैकी ज्यांची सीडी तुमच्याकडे आहे त्या देऊन टाका. वडिलांच्या ४० कॅसेटी सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात, उभ्या, आणि तो डबा टेम्पोत न टाकता तुमच्या मांडीवर. नव्या घरात तो स्पीकरवर ठेवू नका, आतलं चुंबक फितीचं शत्रू आहे. यंत्र घ्या ते नव्या घरात महिना-दोन महिने राहून झाल्यावर. तोवर कुठल्या खोलीत बसून ऐकता हे कळलेलं असेल.

तुमच्या ता. क. बद्दल: दुकानात द्यायला हरकत नाही, पण वडिलांच्या कॅसेटी एकदम देऊ नका. बाजारची एखादी देऊन बघा. फाइल वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात, खरखर न काढता मागा. हेडचा कोन प्रत्येक कॅसेटीला जुळवता का, असं विचारा. प्रश्न कळला नाही किंवा हातात एमपी३ ठेवली, तर पुढच्या कॅसेटी घरीच करा.